आईच्या गुडघ्याची ‘वाटी बदलण्याची’ शस्त्रक्रिया : ऐकलेल्या गोष्टींपैकी खरे किती?

सदाशिवपेठ_तिसरा_मजला (प्रश्न)

नमस्कार. माझी आई ६८ वर्षांची आहे. सदाशिव पेठेतील एका जुन्या इमारतीत आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो आणि इमारतीला लिफ्ट नाही. गेली सात-आठ वर्षे तिचे दोन्ही गुडघे दुखत आहेत, त्यातही उजवा अधिक. पूर्वी दर चतुर्थीला ती सारसबागेतील गणपतीला पायी जाऊन येत असे. आता मंडईपर्यंत जायचे म्हटले तरी रिक्षा करावी लागते. जिना उतरताना ती दोन्ही हातांनी कठडा धरते आणि तोंड भिंतीकडे करून, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत आडवी उतरते. रात्री कूस बदलताना कळ येऊन तिला जाग येते. एक्स-रे पाहून अस्थिरोगतज्ज्ञांनी सांगितले, की उजव्या गुडघ्याच्या आतल्या बाजूची गादी पूर्ण झिजली असून हाडाला हाड घासत आहे, तेव्हा सांधेबदल शस्त्रक्रियेचा विचार करावा.

निर्णय घेण्यापूर्वी चार लोकांना विचारले आणि गोंधळ दुपटीने वाढला. आईच्या भजनी मंडळातील मैत्रिणी सांगतात, की वाटी काढून तेथे लोखंडाची वाटी बसवतात, ती दहा वर्षांत निकामी होते आणि मग पुन्हा चिरफाड करावी लागते. मावशी म्हणते, की साखर असलेल्या माणसाची जखम भरतच नाही (आईला बारा वर्षांपासून मधुमेह आहे) आणि भूल देताना पाठीत टोचलेल्या सुईमुळे पाठ जन्मभर दुखते. शेजारच्या काकूंचा सल्ला असा, की पूर्ण अंथरुणाला खिळेपर्यंत थांबावे, कारण ही शस्त्रक्रिया शेवटचा उपाय आहे. याउलट माझा चुलत भाऊ म्हणतो, की रोबोटकडून करून घेतली तर काकू पंधरा दिवसांत पर्वती चढतील, आणि पैसे थोडे जास्त गेले तरी ‘सोन्याचा गुडघा’ बसवावा, तो तीस वर्षे टिकतो.

आईने मात्र यांतले काहीच मला विचारले नाही. तिने दोनच गोष्टी विचारल्या. गौरीच्या वेळी खाली पाटावर बसता येईल का, आणि ‘मी पडून राहिले तर तुझ्या नोकरीचे काय?’ ज्यांनी हे स्वतः अनुभवले आहे किंवा ज्यांचे काम या क्षेत्रातले आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

---

निवृत्त_फिजिओथेरपिस्ट

मी पुण्यातील रुग्णालयांत एकतीस वर्षे फिजिओथेरपिस्ट म्हणून काम केले. आपल्या आईंच्या मैत्रिणींचा समज मुळात एका शब्दामुळे झाला आहे, म्हणून त्या शब्दापासूनच सुरुवात करते. मराठीत आपण सर्रास ‘वाटी बदलली’ असे म्हणतो. वाटी म्हणजे गुडघ्याच्या समोरचे गोलसर, बोटांनी हलवता येणारे हाड. हे हाड शस्त्रक्रियेनंतरही जागेवरच असते. फार तर त्याच्या मागच्या बाजूला प्लास्टिकची एक छोटी चकती बसवतात, आणि आपल्याकडचे अनेक शल्यचिकित्सक तीही बसवत नाहीत. खरा बदल होतो तो वाटीच्या मागच्या सांध्यात. मांडीच्या हाडाचे खालचे टोक आणि नडगीच्या हाडाचा माथा यांवरचा झिजलेला भाग, साधारण ८ ते १० मिलिमीटर जाडीचा, मापाने कापून काढतात. मांडीच्या हाडावर धातूची टोपी आणि नडगीवर धातूची बैठक बसवतात. या दोन्हींच्या मध्ये पॉलिएथिलीन या टणक प्लास्टिकची चकती असते आणि तीच नवी गादी. बाजूचे अस्थिबंध, स्नायू आणि वरची कातडी ही सगळी आपलीच राहतात. धातू म्हणजे बहुधा कोबाल्ट आणि क्रोमियम यांचा मिश्रधातू असतो. लोखंडासारखा तो शरीरात गंजत नाही. किडलेला दात कोरून त्यावर टोपी बसवतात, तिच्याशी मी रुग्णांपुढे या शस्त्रक्रियेची तुलना करीत असे, आणि पाय मधोमध तोडून नवा सांधा जोडतात असे समजून घाबरलेल्या बायकांच्या चेहऱ्यावरचा ताण तेवढ्याने उतरलेला मी अनेकदा पाहिला आहे.

आता पाटावर बसण्याविषयी. खुर्चीत बसायला गुडघा सुमारे ९० अंश वाकावा लागतो, बुटक्या खुर्चीवरून उठायला त्याहून थोडा अधिक. शस्त्रक्रियेनंतर बहुतेकांचा गुडघा ११० ते १२५ अंशांपर्यंत वाकतो. भारतीय पद्धतीच्या शौचालयात उकिडवे बसायला मात्र १३० अंशांच्या पुढे जावे लागते, म्हणून घरात कमोड आणि त्याच्या शेजारी भिंतीत पक्का बसवलेला दांडा ही सोय रुग्णालयात जाण्यापूर्वीच करून ठेवा. काही जणांना शस्त्रक्रियेनंतर मांडी घालता येते, तशी छायाचित्रे जाहिरातींतही असतात. पण एकदा जमणे आणि रोज तासभर तसे बसणे यांत फरक आहे, आणि मधल्या चकतीवर पडणाऱ्या ताणाचा विचार करता मी रोज बसण्याचा आग्रह कधी धरला नाही. गौरी चौरंगाऐवजी उंच टेबलावर उभ्या केल्या आणि आई समोर खुर्चीवर बसल्या, तर पूजेत काही उणे राहणार नाही. आणखी एक गोष्ट लोकांना माहीत नसते. नंतर गुडघा किती वाकेल, हे बऱ्याच अंशी तो आधी किती वाकत होता यावर ठरते. जो गुडघा वर्षानुवर्षे अर्धवट आखडून बसला आहे, तो भूल देऊन सरळ केला तरी स्नायूंची जुनी सवय सहज सुटत नाही. शेजारच्या काकूंच्या ‘शेवटपर्यंत थांबा’ या सल्ल्यातला धोका हाच आहे.

पडून राहण्याच्या भीतीविषयी सांगायचे, तर रुग्णाला त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी वॉकर देऊन उभे करतात आणि चार पावले चालवतात. सहा आठवड्यांच्या आसपास बहुतेक जण घरात आधाराशिवाय किंवा काठी घेऊन फिरतात. त्या सहा आठवड्यांत घरातल्या माणसांनी रुग्णाला बाळंतिणीसारखे जपू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे. प्रेमापोटी होणारी एक चूक मी शेकडो घरांत पाहिली. गुडघा दुखतो म्हणून त्याच्याखाली उशी किंवा गोधडीची घडी ठेवतात. त्याने लगेच आराम वाटतो, पण गुडघा वाकलेल्या स्थितीतच आखडतो आणि पाय पुढे कधी पूर्ण सरळ होत नाही. उशी ठेवायचीच असेल तर टाचेखाली ठेवावी, म्हणजे गुडघा आपल्या वजनाने खाली जाऊन सरळ होतो. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी फक्त व्यायामापुरती घ्यायची : पाय लांब करून बसावे, गुंडाळी गुडघ्याने खाली दाबावी, पाच आकडे मोजेपर्यंत मांडीचा स्नायू घट्ट ठेवावा, सोडावा, आणि गुंडाळी काढून घ्यावी. हा व्यायाम आईंना आजपासून सुरू करायला हरकत नाही. शस्त्रक्रियेपूर्वी मांडीत जितका जोर कमावलेला असेल, तितका तो नंतर कामी येतो.

---

दोन_गुडघे_२०१९

माझे दोन्ही गुडघे २०१९ मध्ये बदलले, तीन महिन्यांच्या अंतराने. हृदयात स्टेंट असल्यामुळे डॉक्टरांनी दोन्ही एकदम करण्यास नकार दिला. दोन्ही एकाच वेळी केल्यास भूल आणि रुग्णालयातील मुक्काम एकदाच होतो हे खरे, पण शरीरावरचा भारही एकदम पडतो, त्यामुळे शेजाऱ्याचे दोन्ही एकदम झाले म्हणून आपलेही तसेच व्हावेत असा हट्ट कोणी धरू नये.

माझ्या पिढीने ‘गुडघा बदलणे’ हे शब्द ठळकपणे ऐकले ते पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांच्यामुळे. ऑक्टोबर २००० मध्ये त्यांचा डावा आणि जून २००१ मध्ये उजवा गुडघा मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात बदलला गेला आणि त्यासाठी डॉ. चित्तरंजन राणावत न्यूयॉर्कहून आले होते. तेव्हापासून माझ्या मनात बसले होते, की ही पंतप्रधानांना परवडणारी, परदेशी डॉक्टरांनी करायची गोष्ट आहे. त्या समजुतीपायी मी सहा-सात वर्षे मालिश, लेप आणि एका परिचिताने आणून दिलेल्या पुड्या यांवर काढली. पुड्यांनी सुरुवातीला विलक्षण आराम पडला, पुढे चेहरा सुजू लागला, तेव्हा माझ्या डॉक्टरांनी त्या तत्काळ त्यांच्याकडे आणून दाखवायला लावल्या.

शस्त्रक्रियेविषयी मला आधी कोणी न सांगितलेल्या काही गोष्टी लिहितो, कारण त्या माहीत नसल्या की माणूस उगाच घाबरतो. व्रणाच्या बाहेरच्या बाजूला तळहाताएवढा भाग बधिर होतो. तेथून पँटचे कापड सरकलेले मला आजही नीट जाणवत नाही. कातडीची एक बारीक नस छेदाच्या वाटेत येते म्हणून असे होते आणि चालण्यावर त्याचा काहीही परिणाम होत नाही. जिना उतरताना कधीकधी ‘टक्’ असा आवाज येतो. धातू आणि प्लास्टिक एकमेकांना टेकतात, सांधा निसटलेला नसतो. गुडघा कित्येक महिने शेजारच्या भागापेक्षा गरम लागतो. माझी पत्नी रोज संध्याकाळी दोन्ही गुडघ्यांवर हात ठेवून पाहत असे आणि सहाव्या महिन्याच्या सुमारास तिला दोन्ही सारखे लागू लागले. गुडघे टेकून बसणे मात्र अजूनही नकोसे वाटते.

पंधरा दिवसांत पर्वती चढण्याचे आश्वासन आईंना कृपया देऊ नका. पहिले दोन-तीन आठवडे खरोखर कठीण असतात. रात्री झोप लागत नाही, आणि चौथ्या आठवड्यात तर मला वाटले होते की आपला निर्णय चुकला. त्या दिवसांत जर घरातल्यांनी ‘अमक्याचा मेहुणा आता धावतो’ असे ऐकवले असते, तर माझा धीर सुटला असता. पर्वतीच्या १०३ पायऱ्या मी चढलो, पण दुसऱ्या शस्त्रक्रियेनंतर अकराव्या महिन्यात, कठडा धरून, दोनदा थांबून. आळंदीहून पालखी पुण्यात येते त्या दिवशी मी पूर्वी आळंदीपासून चालत येत असे. ते आता करत नाही. पुणे मुक्कामी दर्शनाच्या रांगेत मात्र तीन तास उभा राहिलो. पूर्वी तीन मिनिटे उभे राहणे अशक्य होते.

लोहगाव विमानतळावर यंत्र वाजते. तपासणी करणाऱ्याला आधीच सांगावे, तो हातातले यंत्र फिरवून पाहतो आणि सोडतो.

---

अस्थिशल्यचिकित्सक_पुणे

वरच्या दोन्ही उत्तरांशी मी सहमत आहे. राहिलेल्या मुद्द्यांपैकी ज्यांवर लोकांचे पैसे आणि मनःस्वास्थ्य सर्वाधिक खर्च होते, त्यांवर लिहितो.

‘दहा वर्षांत निकामी’ हा समज सर्वांत चिवट आहे. कृत्रिम सांध्याला औषधाच्या बाटलीसारखी मुदत नसते. दर वर्षी तो सैल होण्याची किंवा झिजण्याची थोडी थोडी शक्यता असते आणि ती साठत जाते. स्वीडनमध्ये १९७५ पासून गुडघाबदलाच्या प्रत्येक रुग्णाची राष्ट्रीय नोंद ठेवली जाते, पुढे इतर देशांनीही अशा नोंदवह्या सुरू केल्या. २०१९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात ऑस्ट्रेलिया आणि फिनलंड येथील नोंदींच्या आधारे असे दिसले, की पूर्ण गुडघाबदल केलेल्यांपैकी सुमारे ८२ टक्के सांधे २५ वर्षांनंतरही शाबूत होते. तेथील माणसे जमिनीवर बसत नाहीत, हे लक्षात ठेवूनच हा आकडा वाचावा. तरीही ‘दहा वर्षे’ या धास्तीला त्याने पुरेसे उत्तर मिळते. वयाचाही येथे मोठा संबंध आहे. सत्तरीनंतर शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाला उरलेल्या आयुष्यात दुसऱ्यांदा शस्त्रक्रिया लागण्याची शक्यता सुमारे ५ टक्के असते. पन्नाशीच्या सुरुवातीला केलेल्या पुरुषांमध्ये मात्र ती ३५ टक्क्यांच्या आसपास जाते. म्हणून पन्नाशीतला धडधाकट माणूस घाई करीत असेल तर आम्ही त्याला थोपवतो, आणि ७५ वर्षांच्या आजींना कोणी ‘आता या वयात कशाला’ म्हणत असेल तर त्या बोलणाऱ्याला थोपवतो. वरची वयोमर्यादा अशी नाही. हृदय, फुप्फुसे आणि मूत्रपिंडे यांची स्थिती पाहिली जाते.

ही शस्त्रक्रिया प्रयोगावस्थेत आहे असेही काहींना वाटते. डॉ. राणावत यांचा उल्लेख वर आलाच आहे. त्यांनी जॉन इन्सॉल आणि पीटर वॉकर यांच्यासह न्यूयॉर्कमध्ये विकसित केलेला गुडघा १९७४ मध्ये प्रथम बसवला गेला आणि आजचे बहुतेक सांधे त्याच्याच वंशातले आहेत. खुब्याच्या बाबतीत तर इंग्लंडमध्ये जॉन चार्नली यांनी १९६२ मध्येच धातूचा गोळा आणि प्लास्टिकची खोबण यांची जोडी रूढ करण्यास आरंभ केला होता. आपल्या पुण्यातही डॉ. कांतिलाल संचेती यांनी भारतीयांच्या हाडांचा आकार आणि बसण्या-उठण्याच्या सवयी लक्षात घेऊन ‘इंडस’ हा गुडघा विकसित केला.

‘सोन्याचा गुडघा’ यात सोने नसते. कोबाल्ट-क्रोमियमवर टायटेनियमच्या नायट्राइडचा पातळ थर दिला की त्याला सोनेरी रंग येतो. निकेलसारख्या धातूची ज्यांना खरोखर ॲलर्जी आहे, त्यांच्यासाठी अशा थराचा विचार करता येतो. इतरांचा सांधा त्यामुळे तीस वर्षे टिकतो, असे छातीठोकपणे सांगण्याइतका पुरावा नाही. रोबोटविषयीही असेच गैरसमज दोन्ही बाजूंनी आहेत. यंत्र स्वतःहून शस्त्रक्रिया करीत नाही. ते हाड कोठे आणि किती कापायचे याचे माप अचूक साधायला मदत करते, निर्णय आणि हात शल्यचिकित्सकाचाच असतो. अचूकता वाढते हे मान्य आहे, पण त्यामुळे रुग्ण कित्येक वर्षांनी अधिक सुखी असतो हे निर्विवाद सिद्ध झालेले नाही. तेव्हा ज्यांना तो खर्च झेपत नाही, त्यांनी आपण आईला कमी प्रतीचे उपचार देत आहोत अशी खंत बाळगू नये.

खर्चाविषयी एवढेच सांगतो, की ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्राच्या औषध किंमत प्राधिकरणाने गुडघ्याच्या सांध्यांवर कमाल किमती लागू केल्या. नेहमीच्या कोबाल्ट-क्रोमियमच्या संचासाठी ५४,७२० रुपये आणि टायटेनियम किंवा ऑक्सिडाइज्ड झिर्कोनियमच्या संचासाठी ७६,६०० रुपये, कर वेगळा, अशी ती मर्यादा तेव्हा ठरली. पुढे या किमतींत बदल होत असतात, म्हणून सध्याची मर्यादा विचारून घ्यावी आणि बिलात सांध्याची किंमत, कंपनीचे नाव आणि संचाचा क्रमांक स्वतंत्रपणे लिहून घ्यावा. विम्याच्या पॉलिसीत झिजेमुळे होणाऱ्या सांधेबदलासाठी बहुधा प्रतीक्षाकाळ असतो, तोही आधी पाहावा.

मधुमेहाबद्दल आपल्या मावशींच्या म्हणण्यात अर्धे तथ्य आहे. साखर आटोक्यात नसेल तर जंतुसंसर्गाचा धोका निश्चित वाढतो. मधुमेह आहे म्हणून शस्त्रक्रिया होऊच शकत नाही, हे मात्र खरे नाही. तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीए१सी चाचणी करावी; अनेक शल्यचिकित्सक ती ७.५ ते ८ टक्क्यांच्या खाली येईपर्यंत थांबतात. त्याच काळात दात तपासून घ्यावेत, लघवीतला संसर्ग नाही ना हे पाहावे, आणि टाचांच्या भेगा, बोटांमधील चिखल्या बऱ्या कराव्यात. तळपायाच्या एका भेगेतून शिरलेला जंतू रक्तावाटे नव्या सांध्यापर्यंत पोहोचू शकतो आणि तेथे त्याला हुसकावणे फार कठीण जाते. गुडघ्यात स्टेरॉइडचे इंजेक्शन घेतले असेल तर त्यानंतर साधारण तीन महिने शस्त्रक्रिया करू नये, हे आपल्या डॉक्टरांना आठवणीने सांगा. पुड्यांचा अनुभव वर एकांनी लिहिला आहे. अशा निनावी पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले आढळते, आणि ते घेणे अचानक थांबवणेही धोक्याचे असते, म्हणून भूल देणाऱ्या डॉक्टरांपासून ते लपवू नये. पाठीतली सुई मज्जारज्जू जेथे संपतो त्याच्या खाली देतात. काही दिवस ती जागा दुखू शकते. जन्मभराची पाठदुखी तिच्यामुळे लागत नाही.

आता सर्वांत महत्त्वाचे. एक्स-रे पाहून शस्त्रक्रिया ठरवायची नसते. अतिशय झिजलेला गुडघा घेऊन रोज शेतात काम करणारी माणसे मी पाहतो, आणि मध्यम झीज असूनही ज्यांचे जगणे थांबले आहे अशीही. औषधे, मांडीचे व्यायाम आणि वजन कमी करणे यांना किमान काही महिने मनापासून संधी दिली का? शरीराचे वजन १ किलो घटले तर चालताना दर पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे ४ किलोंनी घटतो. ‘वंगण वाढवणाऱ्या’ ग्लुकोसामाइनच्या गोळ्यांवर मात्र पैसे घालू नयेत, अमेरिकेतील संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने २०१९ मध्ये त्या न देण्याचीच स्पष्ट शिफारस केली आहे. हे सारे करूनही रात्रीची झोप मोडत असेल, घराबाहेर पडणे बंद झाले असेल, तर वेळ आली आहे असे समजावे. आपण आईंच्या जिना उतरण्याचे जे वर्णन केले आहे, त्यावरून ती वेळ आली असावी असे वाटते, पण तो निर्णय त्यांना तपासणारे डॉक्टर आणि त्या स्वतः घेतील.

---

वारजे_सून

मी थोडे वेगळे लिहिणार आहे. माझ्या सासूबाईंचा डावा गुडघा चार वर्षांपूर्वी बदलला. रुग्णालयाचे नाव लिहीत नाही. शस्त्रक्रिया चांगली झाली, जखम भरली, एक्स-रे उत्तम होता. पण घरी सोडताना आमच्या हातात व्यायामाच्या चित्रांचा एक कागद देण्यात आला आणि ‘हे करत राहा’ एवढेच सांगितले गेले. फिजिओथेरपिस्टला घरी बोलवावे लागेल हे कोणी स्पष्ट बोलले नाही. सासूबाई दुखते म्हणून पाय वाकवत नसत आणि त्यांना दुखवायला नको म्हणून आम्हीही आग्रह केला नाही. वर ज्या उशीचा उल्लेख आहे, ती मी स्वतः रोज रात्री त्यांच्या गुडघ्याखाली ठेवत होते. वाचताना अंगावर काटा आला.

दोन महिन्यांनी गुडघा ६० अंशांपलीकडे वाकेना. तेव्हा पुन्हा भूल देऊन तो वाकवून घ्यावा लागला आणि नंतर सहा आठवडे रोज फिजिओथेरपी चालली. आज तो ९५ अंश वाकतो. त्या जिना चढतात, रात्री शांत झोपतात, पण रिक्षात चढताना पाय हाताने उचलून आत घ्यावा लागतो. त्यांना विचारले, तर त्या ‘बरे झाले केले’ असेही म्हणतात आणि ‘वाटले होते तसे नाही’ असेही म्हणतात. दोन्ही खरे आहे. सर्वांनाच शंभर टक्के समाधान मिळते असे समजू नये, म्हणून हे लिहिले. घरातल्या माणसांनी आधी बसून ठरवावे, की रोज कोण व्यायाम करून घेणार आणि पहिला दीड महिना कोण घरी असणार.

खुब्याच्या रुग्णांना दिलेल्या सूचना गुडघ्याच्या रुग्णांना सांगणारेही पुष्कळ भेटतात. ‘पायावर पाय टाकू नका, कुशीवर झोपू नका, खाली वाकू नका’ असे ऐकून सासूबाई महिनाभर उताण्याच झोपल्या होत्या. त्या सूचना खुब्याचा गोळा खोबणीतून निसटू नये म्हणून असतात, असे नंतर कळले.

---

अस्थिशल्यचिकित्सक_पुणे

वारजे येथील ताईंनी प्रामाणिकपणे लिहिले, त्याबद्दल त्यांचे मनापासून आभार. अनेक देशांतील पाहण्यांत साधारण पाचांपैकी एक रुग्ण गुडघाबदलानंतर पूर्ण समाधानी नसल्याचे आढळते. हे आम्ही आधी सांगत नाही, तो आमच्याकडचा दोष आहे. सांधा बसवण्यास तास-दीड तास लागतो. रुग्णाशी आणि घरच्यांशी बोलण्यास त्याहून अधिक वेळ द्यायला हवा. एक पुरवणी : घरी आल्यावर पोटरी अचानक सुजून दुखू लागली, ताप येऊन जखमेतून पाणी येऊ लागले किंवा धाप लागली, तर ‘शस्त्रक्रियेनंतर असे होतेच’ म्हणून थांबू नये, त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

---

सदाशिवपेठ_तिसरा_मजला

सर्वांचे आभार. काल रात्री जेवणानंतर आईला हे सगळे मोठ्याने वाचून दाखवले. ‘वाटी जागेवरच राहते’ हे ऐकून तिने स्वतःच्या गुडघ्यावरची वाटी बोटांनी हलवून पाहिली आणि पुन्हा एकदा ते वाक्य वाचायला सांगितले. उशीचे वाचल्यावर तिने लगेच गुडघ्याखालचा लोड काढला. आम्ही असे ठरवले आहे, की यंदाच्या गौरी टेबलावर उभ्या करायच्या, तोवर साखर आणि दात यांची तपासणी करून घ्यायची, व्यायाम आजपासून, आणि शस्त्रक्रिया करायची झाल्यास दिवाळीनंतर, जेव्हा मला सलग सहा आठवडे घरून काम करता येईल. मावशीनेही पंधरा दिवस येऊन राहण्याचे कबूल केले आहे.

एक शंका राहिली. तिसरा मजला, लिफ्ट नाही. रुग्णालयातून आल्यावर तिला खुर्चीत बसवून उचलून न्यावे लागेल का? की तोवर तळमजल्यावर कोणाकडे राहण्याची सोय पाहावी?

---

निवृत्त_फिजिओथेरपिस्ट

उचलून नेण्याची वेळ बहुधा येत नाही. घरी सोडण्यापूर्वी जिन्याचा सराव करून घेतात. आपण तिसऱ्या मजल्यावर राहता आणि जिन्याच्या पायऱ्या उंच आहेत, हे मात्र त्यांना पहिल्याच दिवशी सांगा, म्हणजे तेवढा सराव करून घेतला जाईल. चढताना आधी चांगला पाय वरच्या पायरीवर, मग शस्त्रक्रियेचा पाय आणि काठी त्याच पायरीवर. उतरताना उलट : आधी काठी आणि शस्त्रक्रियेचा पाय खाली, मग चांगला पाय. एक हात कठड्यावर, तोंड समोर. आपण चढताना तिच्या मागे एक पायरी खाली राहा आणि उतरताना तिच्या पुढे. प्रत्येक मजल्याच्या वळणावर एक खुर्ची ठेवता आली तर ठेवा, शेजारी नाही म्हणणार नाहीत. जुन्या वाड्यांत आणि इमारतींत जिन्याचा कठडा बऱ्याचदा एकाच बाजूला असतो. तो उतरताना कोणत्या हाताला येतो हे पाहून ठेवा आणि तो हलत असेल तर दिवाळीपूर्वीच पक्का करून घ्या.